लॅटिन गेलं, संस्कृत आलं, पक्षकार बाकावरच

१ जुलै २०२४ ला जुनी दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण एका जुन्या वादाला त्यांनी पुन्हा ऊत आणला: आपल्या कोर्टांत अजून लॅटिन कशाला? एक बाजू म्हणते की हेबियस कॉर्पस, सर्शिओरेराय, रेस ज्युडिकेटा ही साहेबाने मागे सोडलेली जळमटं आहेत, झाडून टाका. दुसऱ्या बाजूला बहुतेक काळे कोटवाले. त्यांच्या मते या शब्दांत शतकांचा अर्थ साठलेला आहे आणि भाषांतर केलं की तो सांडणारच. दोघेही तावातावाने बोलतात, दोघांचेही मुद्दे थोडेफार खरे आहेत, आणि खटला ज्याच्या नावावर चालू आहे त्या माणसाची आठवण दोघांनाही होत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोर्टाच्या भाषेला कसोटी एकच लावावी: हुकूम ज्याच्यावर बजावायचा त्याला तो वाचून, निदान ऐकून तरी, कळतो का? या कसोटीवर लॅटिन नापास होतं. पण लॅटिनच्या जागी आपण मोठ्या अभिमानाने आणून बसवलेलं शासकीय संस्कृतही तितकंच नापास होतं. आणि जी मराठी या कसोटीला उतरते ती कुठल्या समितीने घडवायची बाकी नाही. ती तालुका कोर्टांच्या व्हरांड्यात दोन-तीनशे वर्षांपासून बोलली जाते आहे. कोश करणाऱ्यांनी तिला दारातच उभं ठेवलं, एवढंच.

आधी या लॅटिनचं गूढ जरा उतरवू. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३२ आणि २२६ मध्ये पाच रिट (वरिष्ठ न्यायालयांनी काढायचे खास हुकूम) सांगितले आहेत, त्यांतल्या चारांची नावं लॅटिन आहेत. ऐकताना वाटतं, रोमन देवळातले मंत्र असावेत. प्रत्यक्षात ही इंग्लंडच्या राजाच्या कचेरीतल्या कारकुनांनी लिहिलेल्या हुकूमनाम्यांची सुरुवातीची किंवा मधली वाक्यं आहेत. हेबियस कॉर्पस म्हणजे तुझ्या ताब्यातला माणूस अंगे हजर कर. मॅन्डामस म्हणजे आम्ही हुकूम करतो. को वॉरंटो म्हणजे कोणत्या अधिकाराने? सर्शिओरेराय म्हणजे आम्हाला नीट कळवलं जावं, व्यवहारात खालच्या कोर्टाचे कागद वर पाठवा. पेशवाईतला कुठलाही कारकून हे एका दमात समजला असता. पूर्वी हुकूम त्याच्या पहिल्या शब्दांवरून ओळखला जाई, म्हणून ती नावं चिकटली. त्यात तत्त्वज्ञान काही नाही.

आता त्यांचं मराठी पाहा. संविधानाच्या मराठी आवृत्तीत ओळीने येतात: देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध (पाचवा रिट, प्रोहिबिशन), क्वाधिकार, प्राकर्षण. क्वाधिकार करणाऱ्याला तो शब्द करताना मजा आली असणार हे मी मान्य करतो. लॅटिन ‘क्वो’ आणि संस्कृत ‘क्व’ यांचा नाद एका शब्दात बांधणं हे हुशारीचं काम आहे. पण ती हुशारी कोणासाठी? पोलिसांनी मध्यरात्री उचलून नेलेल्या मुलाच्या आईला ‘देहोपस्थिती’ सांगा. तिला वाटेल पंचनाम्याला बोलावलंय. प्राकर्षण तर मी वकिलांनाच विचारून पाहिलं. त्यांनी आधी सर्शिओरेराय आठवलं आणि मग तर्काने प्राकर्षणाशी आले. म्हणजे मराठी शब्द समजायला लॅटिन यावं लागतं! यापेक्षा भाषांतराचा पराभव तो कोणता?

इथे संस्कृतनिष्ठांचं सगळ्यात भक्कम उत्तर टाळून चालणार नाही. ते म्हणतात, शब्द सुरुवातीला सगळेच अनोळखी असतात, वापराने रुळतात. महापौर आणि दिनांक हे सावरकरांनी घडवलेले शब्द. आज ते घडवलेले आहेत हेही कोणाच्या ध्यानात नसतं. कोर्टातलेच घ्यायचे तर प्रथमदर्शनी आणि न्यायमित्र वर्तमानपत्रांत सर्रास दिसतात. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि मराठी पत्रव्यवहारातलं फारसीचं प्रमाण पुढच्या काळात उतरत गेलं हे राजवाड्यांनी पत्रांतले शब्द मोजून दाखवलं. मग प्राकर्षणालाही वेळ द्या की.

याहून वजनदार दाखला मीच त्यांच्या हाती देतो. एकदा निकाल लागलेला वाद त्याच पक्षांना पुन्हा कोर्टात आणता येत नाही, या नियमाला वकील रेस ज्युडिकेटा म्हणतात आणि तो रोमन कायद्याची देणगी असल्यासारखं बोलतात. १९१६ साली एका हिंदुस्थानी अपिलाचा निकाल देताना प्रिव्ही कौन्सिलच्या (लंडनच्या, तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाच्या) सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी मुद्दाम नोंदवलं की हा नियम हिंदू शास्त्रकारांनाही पूर्ण ठाऊक होता, आणि त्यासाठी मिताक्षरेत (याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत) आलेलं स्मृतिकार कात्यायनाचं वचन दिलं. जेंकिन्स त्याआधी १८९९ ते १९०८ मुंबईचे मुख्य न्यायाधीश होते. कात्यायनाने या बचावाला नाव दिलंय प्राङ्न्याय. तेव्हा नियम आपला, नावही आपलं, मग रोमकडे का जायचं?

बिनतोड वाटतं. पण ते वचनच नीट वाचा. कात्यायन म्हणतो, हरलेला माणूस पुन्हा फिर्याद लिहवू लागला तर त्याला सांगावं, ‘तू मागेच हरला आहेस’. याला प्राङ्न्याय म्हणतात. आधी पक्षकाराला कळेल असं सरळ वाक्य, मग पंडितांच्या सोयीसाठी नाव. आपण काय केलं? वाक्य टाकलं आणि नाव ठेवलं. राहिला रुळण्याचा मुद्दा. महापौर रुळला कारण दर निवडणुकीत तो भिंतींवर रंगवला गेला, दिनांक रुळला कारण प्रत्येक अर्जावर तो लिहावा लागला. शब्द चालतो तो लोक त्याला दिवसातून दहा वेळा हाताळतात म्हणून. उच्च न्यायालयाचं कामकाज आणि निकाल अनुच्छेद ३४८ मुळे इंग्रजीतच. मग प्राकर्षण कोणाच्या तोंडी घासून गुळगुळीत होणार? राजव्यवहारकोशाचा अनुभवही हेच सांगतो. पदनामं बदलली, पत्रांचा थाट बदलला. पण कायदा, वकील, फिर्याद, जामीन, हुकूम, अर्ज, मुदत, दावा हे अरबी-फारसी शब्द जागचे हलले नाहीत. एवढ्या मोठ्या राजाची इच्छा मागे असताना जे झालं नाही ते शासनाच्या परिपत्रकाने होईल? साठच्या दशकात सरकारी हुद्द्यांना मराठी नावं देणारा पदनाम कोश आला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याचा ‘बदनाम कोश’ करून टाकला. त्यातले बरेच शब्द नंतर रुळले हे अत्र्यांच्या चाहत्यांनी कबूल करायला हवं. पण कोणते? जे तुमच्या-आमच्या टेबलावरून रोज गेले तेच.

आता त्या व्हरांड्याकडे येतो, कारण खरा पुरावा तिथे आहे. १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. पण तिथली मराठी त्या अधिसूचनेतून जन्मली नाही. कुठल्याही तालुक्याच्या दिवाणी कोर्टात सकाळी अकराला उभं राहून नुसतं ऐका. पट्टेवाला पुकारा करतो. मॅटर बोर्डावर आहे का, विचारलं जातं. वादीने दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज दिलेला असतो, तो निशाणी ५ वर. प्रतिवादीला म्हणणं द्यायला मुदत हवी असते. त्याची कैफियत आली की मुद्दे निघतात, मग सरतपास, उलटतपास, फेरतपास, आणि पुरावा संपल्याची पुरसीस. दिवसभरात काय घडलं ते रोजनाम्यात चढतं. हुकूमनामा झाला तरी पैसे वा जमीन पदरात पडायला दरखास्त लावावी लागते आणि मग बेलीफ गावात येतो. या यादीत संस्कृत आहे, फारसी आहे, इंग्रजी आहे, आणि ‘म्हणणं’ हे तर आपल्या आजीचंच. शेतीच्या बांधावरून तीन पिढ्या भांडलेल्या माणसाला यातला एकेक शब्द कळतो, त्याच्या पैशांनीच तो शिकलेला असतो. आणि या मराठीचा जोर एवढा की ती इंग्रजीत घुसली. महाराष्ट्रातल्या कोर्टाच्या इंग्रजी शेऱ्यात ‘ऑदर साइड टू से’ असं लिहिलेलं दिसतं; ते इंग्रजाला कळायचं नाही, कारण ते ‘दुसऱ्या बाजूने म्हणणं द्यावं’ याचं भाषांतर आहे. ‘पुरसीस’ तर उच्च न्यायालयाच्या इंग्रजी निकालांतही जशीच्या तशी येते.

ही मिसळ आजची नाही. शिवकाळ-पेशवाईतले निवाडे पाहिले तर वादी-प्रतिवादींना अग्रवादी-पश्चिमवादी म्हटलेलं असतं, शुद्ध संस्कृत. पण ते देतात ती तकरीर आणि करीना (म्हणजे आपापली जबानी आणि हकिकत), निवाड्याला राजी असल्याचा राजीनामा देतात, वर्तणुकीला जामीन देतात, गोतसभेपुढे साक्षी होतात आणि शेवटी महजर (निवाड्याचा कागद) होतो. कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही. गोताला कळलं पाहिजे हा दंडक होता, कारण निवाडा अमलात आणणारं गोतच होतं.

लॅटिनशी गाठ पडली तेव्हाही याच मराठीने काय केलं पाहा. ‘स्टेटस को’चं आपण ‘जैसे थे’ केलं. यापेक्षा सरस भाषांतर मला माहीत नाही. ‘जैसे थे’चा आदेश झाला म्हटलं की बुलडोझरवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना कळतं काय करायचं नाही ते. ‘एक्स पार्टे’ला एकतर्फी. ‘पर कॅपिटा’ला दरडोई: लॅटिनमध्ये डोकं, मराठीत डोई, मधला ‘दर’ फारसी, आणि कोणाला अडलं नाही. ‘एक्स ऑफिशिओ’ला पदसिद्ध, हा संस्कृतच, पण ऐकताक्षणी उलगडणारा, म्हणून संस्कृतशी माझं वैर नाही हे इथेच स्पष्ट होईल. आणि जिथे भाषांतराची गरज वाटली नाही तिथे शब्दच उचलला. खेड्यातला बारावीचा पोरगा शाळेतून ‘बोनाफाईड काढून आणतो’. बोना फिडे म्हणजे सद्भावनेने, हे त्याला माहीत नाही आणि माहीत असायची गरज नाही. त्याच्या लेखी बोनाफाईड म्हणजे हेडमास्तरांच्या सहीशिक्क्याचा दाखला, एसटीच्या पासाला लागतो तो. लॅटिन शब्दजोडीचं मराठी नाम झालं, नपुंसकलिंगी. याला आता कोण परकं म्हणेल?

आता दुसऱ्या बाजूकडे, काळ्या कोटांकडे. त्यांचा मुद्दा हलका नाही. कायद्यातल्या शब्दाभोवती शेकडो निकालांनी कुंपण घातलेलं असतं. शब्द बदला की ते कुंपण नव्या शब्दाला लागू पडतं का, यावर आणखी दहा वर्षं खटले. इंग्लंडने हे भोगलंही आहे. तिथे १६५० मध्ये क्रॉमवेलच्या काळात कोर्टांतून लॅटिन आणि कायद्याची फ्रेंच हटवली, १६६० ला राजा परतला तशी ती परत आली. मग १७३० मध्ये पार्लमेंटने पुन्हा कायदा केला, १७३३ पासून कागदपत्रं इंग्रजीत सुरू झाली, आणि लगेच दुरुस्ती करावी लागली की हेबियस कॉर्पससारखे पारिभाषिक शब्द लॅटिनमध्येच चालतील, कारण त्यांचं इंग्रजी हास्यास्पद होत होतं. काही दशकांनी इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोनने कुरकुर नोंदवली आहे की एवढं करून सामान्य माणूस कायद्याबाबत होता तेवढाच अडाणी राहिला, उलट इंग्रजीला शब्द जास्त लागतात म्हणून कागद वाढले आणि खर्चही. हा टोमणा मला मराठीवाद्यांनी पाठ करावासा वाटतो. भाषा बदलली म्हणजे कायदा कळला असं होत नाही.

पण लॅटिनवाल्यांनी या इतिहासाचं पुढचं पान वाचायचं सोडलंय. १९९९ मध्ये लॉर्ड वुल्फ यांच्या सुधारणांनी इंग्लंडच्या दिवाणी कोर्टांतून ‘एक्स पार्टे’, ‘इन कॅमेरा’, ‘सबपीना’ हे सगळे गेले. त्यांच्या जागी ‘नोटीस न देता’, ‘खाजगीत’, ‘साक्षीदाराला समन्स’ अशा अर्थाचे साधे इंग्रजी शब्द आले. २००४ मध्ये सर्शिओरेराय आणि मॅन्डामसही गेले. आता तिथे ‘रद्द करण्याचा आदेश’ आणि ‘काम करायला लावणारा आदेश’ असं म्हणतात. जुने निकाल रद्दीत गेले नाहीत, नव्या नावांखाली तेच दाखले चालतात. ज्यांच्या घरचं लॅटिन, त्यांनी काढलं. हेबियस कॉर्पस तेवढं ठेवलं, कारण ते लोकांच्या तोंडी आहे. आपण मात्र मुंबईच्या फोर्टात लंडनच्या माळ्यावरचं सामान जपून बसलोय.

आणि लॅटिनशिवाय काटेकोर कायदा लिहिताच येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी ज्या दंड संहितेवर आपली वकिली केली तीच उघडावी. मेकॉले लॅटिनमध्ये मुरलेला माणूस, कलकत्त्यात असताना फावल्या वेळात रोमन लेखक वाचत बसायचा. पण १८३७ चा त्याचा मसुदा आणि त्यातून १८६० ला झालेला कायदा पाहा. ‘मेन्स रिया’ (गुन्ह्यामागचा दोषी हेतू) हा शब्द, ज्यावाचून फौजदारी वकिलाचं पहिलं वर्ष पुरं होत नाही, त्या संहितेत एकदाही येत नाही. त्याऐवजी अप्रामाणिकपणे, कपटाने, आपखुशीने अशा अर्थाचे साधे शब्द आहेत आणि प्रत्येकाची व्याख्या आहे. व्याख्या कमी पडेल म्हणून खाली उदाहरणं. चोरी म्हणजे काय? ‘क’ने ‘य’च्या जमिनीतलं झाड अप्रामाणिक हेतूने तोडलं, झाड तुटलं त्या क्षणी चोरी झाली, गाडीत भरेपर्यंत थांबायला नको. ‘क’ने खिशात कुत्र्याला भुलवणारं काही ठेवलं आणि ‘य’चं कुत्रं त्याच्या मागे चालू लागलं, कुत्र्याने पाऊल उचललं की चोरी. हे कोणाला कळणार नाही? १८७२ चा पुरावा कायदाही तसाच. ‘ॲलिबी’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘दुसरीकडे’. कायद्याच्या कलमात तो शब्दच नाही. तिथे उदाहरण आहे: गुन्हा अमुक दिवशी कलकत्त्यात घडला, त्या दिवशी ‘क’ लाहोरला होता, ही गोष्ट संबद्ध आहे. (२०२३ च्या नव्या अधिनियमात कलकत्त्याचं चेन्नई आणि लाहोरचं लडाख झालंय. लाहोर परदेशात गेलं, युक्तिवाद जागेवर.) वकिलांनीच या साध्या कायद्यांवर नंतर पाठ्यपुस्तकांतून लॅटिन चढवलं. मजा अशी की २०२४ मध्ये वसाहतीच्या खुणा पुसायच्या म्हणून आपण संहितेचं नाव संस्कृत केलं, आत मात्र मजकूर इंग्रजी आणि कुत्रा मेकॉलेचाच.

डॉक्टरांनी हा प्रश्न कुठलाही वाद न घालता सोडवला. बीडी, टीडीएस ही चिठ्ठीवरची अक्षरं लॅटिन: दिवसातून दोनदा, दिवसातून तीनदा. औषधाच्या दुकानदाराने गोळ्यांच्या पाकिटावर १-०-१ लिहायला सुरुवात केली. निरक्षर आजीही चुकत नाही.

लॅटिनच्या बाजूने अजून एक युक्तिवाद केला जातो, आणि तो मला सगळ्यात पोकळ वाटतो: हे शब्द नागरिकांच्या हक्काचे पहारेकरी आहेत, त्यांना हलवू नका. पहारा शब्द देतो की माणूस? १८२८ ची पुण्याची गोष्ट घ्या. मोरो रघुनाथ नावाचा अल्पवयीन मुलगा सरदार घराण्यातला. त्याला पांडुरंग रामचंद्र या त्याच्या वडीलधाऱ्यांनी अडकवून ठेवलंय अशी तक्रार मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्टाने हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला, मुलाला मुंबईत हजर करा म्हणून. पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षं झालेली. गव्हर्नर सर जॉन माल्कमला धास्ती पडली की मुंबईच्या न्यायाधीशांचा कागद पुण्याच्या सरदारांच्या वाड्यात शिरू लागला तर दख्खनमध्ये सरकारची पत राहणार नाही. त्याने हुकमाची तामिली होऊ दिली नाही. त्याच साली तिघांपैकी दोन न्यायाधीश वारले. उरलेल्या सर जॉन पीटर ग्रँटने १८२९ च्या एप्रिलमध्ये चक्क कोर्टच बंद ठेवलं. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, ग्रँटच्या विरुद्ध: मुंबई शहराबाहेरच्या अशा माणसांवर कोर्टाची हुकमत नाही. हेबियस कॉर्पस या शब्दांच्या अर्थाबद्दल या भांडणात कोणालाही शंका नव्हती. शंका होती ती कोणाचा हुकूम कुठवर चालतो याची.

दीडशे वर्षांनी पुन्हा तेच, आणि या वेळी परका गव्हर्नर नव्हता. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांच्या अर्जांवर नऊ उच्च न्यायालयांनी अर्जदारांच्या बाजूने कौल दिला होता. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो फिरवला: आणीबाणीत जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी हेबियस कॉर्पस मागता येणार नाही. संविधानातले दोन्ही लॅटिन शब्द त्या दिवशी जागच्या जागी होते, एका अक्षरानेही बदलले नव्हते. अर्थ मात्र कोर्टातून उठून गेला होता. विरोधात उभे राहिले एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना, आणि जानेवारी १९७७ मध्ये सेवाज्येष्ठता असूनही सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं. बहुमतात आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते; त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी, २४ ऑगस्ट २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात तो निर्णय चूक होता असं लिहिलं. मधल्या काळात हक्काची राखण केली ती संविधानाच्या ४४ व्या दुरुस्तीने, म्हणजे १९७७ ला मतपेटीतून बोललेल्या माणसांनी. त्यातल्या किती जणांना कॉर्पस म्हणजे काय ते सांगता आलं असतं?

तटस्थतेचा मुद्दा मी चटकन मान्य करून पुढे जातो. सर्वोच्च न्यायालयात तमिळ आणि हिंदी यांच्या झटापटीत लॅटिन हा बिनवारसी प्रदेश आहे, कोणाचाच नाही म्हणून कोणाला खुपत नाही. ठीक आहे, दिल्लीत राहू द्या. पण गडहिंग्लजच्या कोर्टात वादी मराठी, प्रतिवादी मराठी, न्यायाधीश मराठी. तिथे तटस्थता कोणापासून राखायची?

मग करायचं काय? मोजकी नावं, जी यंत्रणांची नावं बनली आहेत, ती राहू द्यावीत; हेबियस कॉर्पस वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला माहीत आहे, ते देहोपस्थितीपेक्षा कधीही बरं, आणि समजावायचं झालं तर ‘माणूस हजर करा’चा हुकूम म्हणावं. बाकी सगळं, म्हणजे सुओ मोटो, इंटर आलिया, साइने डाय आणि त्यांचं गणगोत, यांना स्वतःहून, इतर गोष्टींबरोबर, बेमुदत हे शब्द आधीच हजर आहेत. कायदेशीर वचनांचं तर भाषांतर हीच परीक्षा असावी. ‘ऑडी आल्टरम पार्टेम’ म्हटलं की युक्तिवाद झाल्यासारखं वाटतं. ‘दुसऱ्या बाजूचंही ऐका’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: ऐकलं का? १९८१ मध्ये मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या पाडायचं ठरलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा हेच तत्त्व पणाला लागलं होतं. १९८५ च्या निकालात कोर्टाने म्हटलं की झोपडीवाल्यांना नोटीस देऊन त्यांचं ऐकायला हवं. आणि पुढे म्हटलं की महापालिकेने ऐकलं नाही ते आम्ही ऐकलं आहे, तेव्हा आता वेगळ्या सुनावणीची गरज नाही. पाडकाम पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, लांबवलं. लॅटिनमध्ये तत्त्व जिंकलं. मराठीत सांगायचं तर झोपड्या पाडायचं ठरलंच. निकालाची ही दोन टोकं साध्या भाषेत शेजारीशेजारी ठेवली की त्यातली अवघड जागा कोणालाही दिसते, आणि ती दिसावी म्हणूनच भाषांतर हवं.

हे लाड नव्हेत, हा कायदाच आहे, असं आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६२. एका माणसाला स्थानबद्ध केलं आणि स्थानबद्धतेची कारणं त्याला इंग्रजीत दिली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याने हिंदी भाषांतर मागितलं. सरकारचं उत्तर: राज्याची राजभाषा अजून इंग्रजी आहे, आणि पोलीस अधिकाऱ्याने कागद देताना तोंडी अर्थ सांगितला होता. कोर्टाने ते मानलं नाही. संविधान कारणं ‘कळवा’ म्हणतं, आणि ज्याला कळलंच नाही त्याला ती कळवली असं कसं म्हणायचं? हरिकिसनची सुटका झाली. शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाचं त्याच्या भाषेतलं भाषांतर, शक्य असेल तिथे, मागता येतं ही तरतूदही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. ते भाषांतर कोण करतो, कोणत्या मराठीत करतो, आणि करून झाल्यावर ते कैद्याला वाचून दाखवून त्याला कळलं का असं कोणी विचारतं का, यावर मला एकही परिसंवाद अजून दिसलेला नाही.